शूटर्स हिलवरचा सुवर्णदुर्ग

लंडनच्या आग्नेय दिशेला एल्थम नावाचे एक जुने उपनगर आहे. आमची कन्या व जावई गेली काही वर्षे तेथे राहतात. सन २०२५ च्या जून महिन्यात आम्ही उभयता बडोद्याहून त्यांच्याकडे गेलो. लंडनमधील जी स्थळे प्रत्येक प्रवासी पाहतो ती आम्हीही पाहिली; त्यांची वर्णने वाचकांनी अनेकदा वाचली असतील, म्हणून त्यांत शिरत नाही. परंतु एक स्थळ असे पाहिले की, तेथून परतल्यापासून मनाला रुखरुख लागून राहिली आहे. त्याविषयी चार शब्द लिहावेत असे वाटते.

एके दिवशी आमची अकरा वर्षांची नात शाळेतून आली आणि म्हणाली, "आजोबा, रविवारी आपण सेव्हर्नड्रूगला जाऊ या. वर चढून गेलं की सगळं लंडन दिसतं." सेव्हर्न नावाची एक मोठी नदी इंग्लंडात आहे, तेव्हा नावाच्या पूर्वार्धाचे आम्हांला काही वाटले नाही. उत्तरार्धाने मात्र कान टवकारले. 'ड्रूग'! कर्नाटकातील चित्रदुर्गाला जुने इंग्रज 'चितलड्रूग' म्हणत, हे वाचलेले होते. मग हा कोणता दुर्ग? आम्ही ते नाव दोनतीनदा पुटपुटलो. तेवढ्यात स्वयंपाकघरातून सौ. म्हणाल्या, "अहो, सुवर्णदुर्ग तर नव्हे?"

आणि तो सुवर्णदुर्गच निघाला. रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली तालुक्यात हर्णै बंदरासमोर, किनाऱ्यापासून जेमतेम पाव मैलावर समुद्रात उभा असलेला आपला सुवर्णदुर्ग. त्याचेच नाव इंग्रजी जिभेवर घोळून 'सेव्हर्नड्रूग' झाले आणि लंडनच्या एका टेकडीवर जाऊन बसले. आमच्या घराण्याचे मूळ त्याच परिसरातले. पणजोबा दापोलीकडून निघून बडोद्यास गायकवाड सरकारच्या चाकरीत आले आणि दांडिया बाजारात स्थिरावले. त्यानंतरच्या पिढ्यांची बोली बदलली, जेवणात गोडाची आमटी आली. पण आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीचा अंगारा देवघरातल्या डबीत आजही असतो. असे असता, ज्या किनाऱ्यावरून पणजोबा निघाले तेथल्या किल्ल्याचे नाव सातासमुद्रापलीकडे नातीच्या तोंडून ऐकावे, याचे नवल वाटल्यावाचून कसे राहील?

रविवारी सकाळी आम्ही तिघे निघालो. हा किल्ला ठरावीक दिवशीच उघडतो, आणि रविवार हा त्यांतला एक. एल्थम स्टेशनापासून रस्ता हळूहळू चढत जातो आणि थोड्याच वेळात घरे मागे पडून ओक वृक्षांचे दाट रान लागते. ऑक्सलीज वुड असे त्याचे नाव. लंडनसारख्या अवाढव्य शहराच्या हद्दीत इतके पुराणे अरण्य शिल्लक असेल अशी कल्पनाही आम्हांला नव्हती. ही सगळी टेकडी शूटर्स हिल या नावाने ओळखली जाते. उंची सुमारे १३२ मीटर. आपल्या सह्याद्रीपुढे ती टेकाडच म्हणायची, परंतु सपाट लंडनमध्ये तेवढ्या उंचीलाही मान आहे. रोमन लोकांच्या काळापासून लंडनहून डोव्हर बंदराकडे जाणारा रस्ता या टेकडीवरून जातो, आणि एके काळी येथील झाडीत वाटमारे दबा धरून बसत.

झाडी विरळ झाली आणि समोर तो बुरूज उभा राहिला. प्रथमदर्शनी आमची थोडी निराशाच झाली. आपण ज्याला किल्ला म्हणतो तसे तेथे काही नाही. ना तट, ना खंदक, ना दरवाजा. विटांनी बांधलेला सुमारे ६३ फूट उंचीचा एकच त्रिकोणी मनोरा, त्याच्या तिन्ही कोपऱ्यांना षट्कोनी बुरूज, गॉथिक धाटणीच्या टोकदार कमानींच्या खिडक्या आणि माथ्यावर कंगोरे. ईस्ट इंडिया कंपनीच्या बांधकामांवर देखरेख करणारा रिचर्ड जप हा त्याचा वास्तुशिल्पी. या मनोऱ्याने कधी लढाई पाहिली नाही. तो स्मारक म्हणूनच १७८४ साली बांधण्यात आला.

प्रवेशद्वारावर एक शिलालेख आहे. नातीने तो मोठ्याने वाचला आणि आम्ही मनातल्या मनात त्याचे मराठी करीत गेलो. त्याचा आशय असा की, कै. सर विल्यम जेम्स, बॅरोनेट, यांनी कंपनीच्या आरमाराचे अधिपती असताना पूर्वेकडील समुद्रांत जे पराक्रम केले त्यांच्या स्मरणार्थ ही वास्तू उभारली आहे. आणि मलबार किनाऱ्यावरील सेव्हर्नड्रूगचा किल्ला २ एप्रिल १७५५ रोजी त्यांच्या शौर्याने व कौशल्याने पडला, त्याची ही विशेष नोंद आहे. कोकणाला मलबार म्हटले आहे, ते त्या काळच्या इंग्रजांच्या सवयीनुसार. परंतु आमचे लक्ष त्या चुकीकडे गेले नाही. त्या लेखात जे नव्हते, त्याकडे गेले.

ते काय, हे सांगण्यापूर्वी या विल्यम जेम्सची ओळख करून देणे अवश्य आहे.

हा गृहस्थ वेल्समधील पेंब्रोकशायरचा. जन्म १७२१ च्या सुमाराचा. घरची स्थिती अगदी बेताची; बाप पाणचक्कीवर दळण दळणारा होता असे सांगतात. जेम्स कोवळ्या वयातच जहाजावर गेला, पुढे १७४७ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत शिरला आणि मुंबईस आला. 'बॉम्बे मरीन' या नावाने ओळखले जाणारे कंपनीचे आरमार इंग्लंडच्या राजाच्या आरमाराहून निराळे होते. किनाऱ्याने जाणाऱ्या व्यापारी जहाजांच्या तांड्यांना सोबत करणे हे त्याचे मुख्य काम. जेम्स या कामात असा चमकला की, १७५१ मध्ये, वयाच्या तिशीत, तो या आरमाराचा मुख्य, म्हणजे कमोडोर झाला. ना कुळ, ना वशिला, ना विद्या. केवळ समुद्राची जाण आणि धाडस यांच्या बळावर मिळवलेले हे पद होते. शत्रू असला तरी माणसाच्या अंगचे गुण नाकारू नयेत.

त्याची गाठ पडत होती ती आंग्र्यांशी. सरखेल कान्होजी आंग्रे यांच्या उदयाची कथा सुवर्णदुर्गाशी जोडलेली आहे. कोकणच्या समुद्रातून जाणाऱ्या जहाजाने आमचे दस्तक घेतले पाहिजे, हा त्यांचा दावा होता. पोर्तुगीजांनी दीडदोनशे वर्षे हिंदी व्यापाऱ्यांकडून असेच परवाने घेववले होते. तेव्हा तो धर्म आणि आंग्र्यांनी मागितले की ती चाचेगिरी, असा हा इंग्रजांचा न्याय! कान्होजी १७२९ मध्ये निवर्तले. त्यांच्या मुलांत भाऊबंदकी माजली. १७३५ मध्ये बाजीराव पेशव्यांनी कुलाब्याकडे मानाजी आणि विजयदुर्गाकडे संभाजी अशी वाटणी करून दिली. संभाजीच्या पश्चात विजयदुर्ग व सुवर्णदुर्ग तुळाजी आंग्र्याच्या हाती आले. तुळाजी शूर होता; तितकाच तो हेकट होता. पेशव्यांचा अंमल तो मानीना, त्यांना देणे देईना, आणि त्याच्या उपद्रवाने कोकणातील मराठी मुलूखही सुटला नाही. इकडे नानासाहेब पेशव्यांजवळ फौज अफाट, पण समुद्रात उभ्या असलेल्या किल्ल्यापुढे घोडदळ काय करणार?

तेव्हा पेशव्यांनी मुंबईकर इंग्रजांना बोलावले. १९ मार्च १७५५ रोजी पेशव्यांचे कोकणातील सुभेदार रामाजी महादेव आणि मुंबईचा गव्हर्नर रिचर्ड बूर्शिये यांच्यात करार झाला, आणि तीनच दिवसांनी जेम्स मुंबईहून निघाला.

शिलालेखात नाही ते हे. त्या स्वारीत जेम्सबरोबर कंपनीची जहाजे किती होती? कंपनीच्याच पदरचा इतिहासकार रॉबर्ट ऑर्म सांगतो की चार. ४४ तोफांचे 'प्रोटेक्टर', १६ तोफांचे एक लहान जहाज, आणि फुटणारे गोळे फेकणारी दोन. आणि चौलजवळ त्यांना येऊन मिळालेले मराठ्यांचे आरमार? सात गुराबा आणि साठ गलबते! शिवाय जमिनीवर पेशव्यांची फौज होती ती वेगळीच. लंडनच्या दगडावर यांपैकी एकाही मराठी माणसाचा उल्लेख नाही. ज्यांच्या विरुद्ध लढाई झाली त्यांचाही नाही आणि ज्यांच्या संगतीने झाली त्यांचाही नाही.

जेम्सला मुंबई सरकारची ताकीद अशी होती की, समुद्राकडून नाकेबंदी करावी, जहाजे धोक्यात घालू नयेत. परंतु मराठी फौजेचा किनाऱ्यावरील वेढा अगदी संथ चालला आहे हे पाहून त्याने ती ताकीद बाजूला ठेवली. २ एप्रिल रोजी त्याने किल्ल्याच्या समुद्राकडील बाजूवर दिवसभर मारा केला. सुमारे आठशे गोळे टाकले. त्या बाजूचा तट अखंड कातळात कोरलेला होता. त्याला खिंडार पडेना. रात्री किल्ल्यातून पळून आलेल्या एका माणसाने हीच गोष्ट त्याला सांगितली. दुसऱ्या दिवशी सकाळी जेम्सने जहाजे किल्ला आणि किनारा यांच्यामधल्या उथळ खाडीत आणली. ओहोटीच्या वेळी जहाजाच्या तळाखाली हात-दोन हात पाणी राहील, अशी ही जागा! चुकले असते तर जहाज रुतून बसले असते. पण चुकले नाही. दुपारच्या सुमारास एक गोळा किल्ल्यातील एका कोठारावर पडून आग लागली, आग दारूकोठारापर्यंत गेली आणि मोठा स्फोट झाला. आतली माणसे, बायका, मुले, सुमारे एक हजार जीव, होड्यांत बसून जीव घेऊन निघाले आणि इंग्रजांच्या हाती सापडले. किनाऱ्यावरच्या गोवा किल्ल्याचा किल्लेदार थोडी माणसे घेऊन सुवर्णदुर्गात शिरला आणि झुंज देऊ लागला; तेव्हा जेम्सने आपले खलाशी उतरवले आणि त्यांनी कुऱ्हाडींनी दिंडी फोडली. संपले.

आम्ही हा वृत्तान्त बुरुजासमोरच्या बाकावर बसून नातीला सांगत होतो. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "आजोबा, मग आपण कुठल्या बाजूला होतो?"

"आपण किल्ल्यात होतो," आम्ही ताबडतोब उत्तर दिले.

"पण तुम्ही आत्ताच म्हणालात ना, की मराठ्यांची साठ गलबतं इंग्रजांबरोबर होती म्हणून?"

या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. सौभाग्यवतींनी आमच्याकडे पाहिले आणि पिशवीतले शंकरपाळे काढून नातीच्या हातावर ठेवले. तेवढ्यापुरता विषय मिटला.

आत जाऊन आम्ही जिना चढू लागलो. पायऱ्या ८६. आमच्या गुडघ्यांनी त्या प्रत्येक पायरीची नोंद घेतली. गच्चीवर पोहोचल्यावर मात्र श्रमाचे सार्थक झाले. एकीकडे थेम्स नदीचे वळण आणि त्यापलीकडे लंडन शहराचे उंच मनोरे. दुसरीकडे केंट परगण्याची हिरवी टेकाडे. नजर इतकी दूरवर जाते म्हणूनच अठराव्या शतकाच्या अखेरीस जनरल विल्यम रॉय याने ग्रिनिच आणि पॅरिस येथील वेधशाळा जोडणाऱ्या मोजणीसाठी या गच्चीवर आपले प्रचंड थिओडोलाइट यंत्र आणून बसवले होते. पुढे दुसऱ्या महायुद्धात येथून शत्रूच्या विमानांवर नजर ठेवली जाई. नंतर वास्तूची दुर्दशा झाली आणि १९८८ मध्ये ती बंद पडली. परंतु परिसरातील लोकांनी न्यास स्थापून, पैसा जमवून तिची डागडुजी केली, आणि २०१४ मध्ये ती पुन्हा खुली झाली. आजही स्वयंसेवक मंडळी तेथे येणाऱ्याचे हसतमुखाने स्वागत करतात. हे त्यांचे कौतुक मनापासून करावयास हवे.

गच्चीवर उभे असताना जेम्सच्या पुढच्या आयुष्याचा पट आमच्या डोळ्यांसमोरून सरकत होता. सुवर्णदुर्ग पडला, पाठोपाठ बाणकोट पडले. पुढच्या फेब्रुवारीत ॲडमिरल वॉटसनचे राजेशाही आरमार आणि क्लाइव्हची पायदळ फौज विजयदुर्गावर चालून गेली; त्याआधी त्या बंदराची टेहळणी करून आला होता तोही जेम्सच. १२ फेब्रुवारी १७५६ रोजी विजयदुर्गाच्या खाडीत एका जहाजाला लागलेली आग पसरत जाऊन आंग्र्यांचे सारे आरमार जळून गेले. किल्ल्यातील सुमारे दहा लाखांची लूट इंग्रजांनी आपापसांत वाटून घेतली. मराठ्यांना त्यातला छदाम मिळाला नाही. तुळाजी मराठ्यांच्या कैदेत गेला आणि कैदेतच मेला. इंग्रज विजयदुर्ग सोडीनात. अखेर ऑक्टोबर १७५६ मध्ये नवा तह होऊन बाणकोट त्यांना द्यावे लागले, तेव्हा कोठे तो मिळाला. याच वॉटसन व क्लाइव्ह यांनी दीड वर्षाच्या आत, जून १७५७ मध्ये, प्लासीचा निकाल लावला. त्या वेळीही जेम्सचा हात लागला होता: वारे उलट असताना जहाज दूर दक्षिणेला नेऊन त्याने मुंबईहून बंगाल गाठण्याची नवी वाट काढली, आणि फ्रान्सशी युद्ध सुरू झाल्याची खबर व कुमक क्लाइव्हकडे वेळेवर पोहोचवली.

मराठी आरमार त्या आगीत कायमचे बुडाले असे मात्र नव्हे. पेशव्यांनी विजयदुर्गी नवे आरमार उभारले आणि आनंदराव धुळपांनी १७८३ च्या एप्रिलमध्ये रत्नागिरीच्या समुद्रात कंपनीचे 'रेंजर' जहाज पकडूनही दाखवले. परंतु कंपनीच्या मनात आंग्र्यांचा जो धाक दोन पिढ्या बसलेला होता, तो सुवर्णदुर्गापाशी गेला तो गेलाच.

जेम्स १७५९ मध्ये मायदेशी परतला. गलबतावरचा पोऱ्या आता धनिक झाला होता. त्याने एल्थमला इस्टेट घेतली, लंडनमध्ये सोहो भागात घर केले, कंपनीच्या संचालक मंडळावर निवडून आला. १७७४ मध्ये तो पार्लमेंटचा सभासद झाला. त्याचा मतदारसंघ होता कॉर्नवॉलमधील वेस्ट लू. मूठभर मतदार आणि त्यांच्या डोक्यावर एक जमीनदार घराणे, असा तो मामला होता. १८३२ च्या सुधारणेत असले मतदारसंघ रद्द झाले. जेम्स मात्र मरेपर्यंत तेथला सभासद राहिला. दीपगृहांची व्यवस्था पाहणाऱ्या ट्रिनिटी हाउस या संस्थेचा तो उपप्रमुख झाला. १७७८ मध्ये बॅरोनेट हा किताब मिळाला. आणि १७७९ मध्ये तो ईस्ट इंडिया कंपनीचा अध्यक्ष झाला.

या शेवटच्या सालापाशी येऊन आम्ही थबकलो. आणि बडोदेकर वाचकांनीही थबकावे. जेम्स कंपनीचा अध्यक्ष असताना हिंदुस्थानात इंग्रजांचे मराठ्यांशी पहिले युद्ध जुंपलेले होते. वडगावला १७७९ च्या जानेवारीत इंग्रजांची नाचक्की झाली होती, आणि तिचा वचपा काढण्यासाठी जनरल गॉडर्ड गुजरातेत उतरला होता. त्या वेळी पुण्याच्या विरुद्ध गॉडर्डशी तह कोणी केला? आमच्या बडोद्याच्या फत्तेसिंहराव गायकवाडांनी. १७८० च्या जानेवारीत. पंचवीस वर्षांपूर्वी पेशव्यांनी आंग्र्यांविरुद्ध इंग्रजांना बोलावले, आता गायकवाडांनी पेशव्यांविरुद्ध त्यांच्याशी हातमिळवणी केली. कारणे प्रत्येकाची आपापली होती, आणि ती सगळीच खोटी नव्हती. गायकवाडांच्या घरात पेशव्यांनीही थोडा का हात घातला होता? पण दोन्ही वेळा फळ गेले एकाच्याच पदरात. कोकणातल्या आगीच्या वेळी जो कमोडोर होता, तोच गुजरातच्या तहाच्या वेळी लंडनमध्ये अध्यक्षाच्या खुर्चीवर बसलेला होता. आमचे पूर्वज आधी त्या किनाऱ्यावर राहत होते आणि मग या गायकवाडी राज्याचे अन्न खाऊ लागले. नातीच्या प्रश्नाचे उत्तर काय, हे त्या गच्चीवर आम्हांला उमगले.

आम्ही तिला जवळ बोलावले. "मघाशी आम्ही चुकीचे सांगितले. आपण दोन्ही बाजूंना होतो."

"असं कसं असेल, आजोबा?"

"असेच होते, बाळ. किल्ल्यातही आपण आणि गलबतांवरही आपण. म्हणून तर इंग्रजांची चार जहाजे पुरली."

ती काही बोलली नाही. तिने भ्रमणध्वनीवर थेम्सचे छायाचित्र काढले, आणि खाली उतरल्यावर शिलालेखाचेही काढले.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर या स्थळावर अन्याय होईल. हा मनोरा कंपनीने बांधला नाही, पार्लमेंटने बांधला नाही. जेम्सच्या विधवेने बांधला. तिचे नाव ॲन. या बाईच्या सोहोमधील घरी साहित्यिकांचा राबता असे. कादंबरीकार लॉरेन्स स्टर्न तिला फार मानी; १७६८ मध्ये मरणाच्या दारी असताना त्याने आपल्या मुलीला तिच्या पदरात घालणारे पत्र तिलाच लिहिले. मुंबईच्या एका कंपनी अधिकाऱ्याची पत्नी एलायझा ड्रेपर हिची आणि स्टर्नची भेट झाली तीही याच घरी. अशा या सुखवस्तू घरावर १६ डिसेंबर १७८३ रोजी घाला आला. मुलीच्या लग्नाचा दिवस, आणि त्याच दिवशी सर विल्यम जेम्स झटका येऊन मरण पावला. कंपनीचा कारभार सरकारच्या हाती घेण्याचे फॉक्सचे विधेयक तेव्हा पार्लमेंटात गाजत होते. दुसऱ्याच दिवशी ते लॉर्डांच्या सभागृहात पडले. पण त्या घरात त्या दिवशी राजकारण कोणाला सुचले असेल?

पतीच्या एवढ्या पदांपैकी आणि किताबांपैकी एकही तिने मनोऱ्याला दिला नाही. तिने नाव निवडले ते तो चौतीस वर्षांचा असताना त्याने जिंकलेल्या, तिने कधीही न पाहिलेल्या एका किल्ल्याचे. पतीचे दुःख करणाऱ्या बाईने इतिहास अर्धा लिहिला म्हणून तिच्यावर रागवावे असे आम्हांला वाटले नाही. तिचा अर्धा तिने लिहिला. उरलेला अर्धा लिहिण्याचे काम तिचे नव्हते, ते आमचे होते.

बडोद्यास परतल्यावर जुलै महिन्यात वर्तमानपत्रांत वाचले की, मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत स्थान मिळाले आणि त्यांत सुवर्णदुर्ग आहे. लगोलग लंडनला दूरध्वनी झाला. डिसेंबरच्या सुटीत मुलगी, जावई आणि नात आली, आणि आम्ही सर्वजण दापोलीमार्गे हर्णैला गेलो. आंजर्ल्याला कड्यावरच्या गणपतीचे दर्शन घेतले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी भरतीची वेळ विचारून घेऊन होडीने किल्ल्याकडे निघालो. उजव्या डाव्या हाताला किनाऱ्यावर कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा किल्ला दिसत होते. कनकदुर्गावर आता दीपगृह आहे, फत्तेगडावर कोळ्यांची घरे आहेत. बंदरात मासळीचा लिलाव चालू होता. जेम्सने जहाजे आणली ती हीच उथळ खाडी असावी, असे आम्ही जावयांना दाखवीत होतो.

होडीवाल्याने चौकशी केली, "पाव्हणे कुठले?"

"आम्ही बडोद्याचे. ही पोर लंडनची."

"लंडनहून हा किल्ला बघायला?" तो हसला. "तिकडं काय कमी किल्ले हायेत?"

"आमच्याकडं पण एक सुवर्णदुर्ग आहे," नात म्हणाली. होडीवाल्याने आमच्याकडे पाहिले, पोरगी थट्टा करते आहे अशा समजुतीने पुन्हा हसला आणि होडी खडकाच्या आडोशाला लावली.

महादरवाजा पूर्वेकडे, किनाऱ्याच्या बाजूला आहे. पायरीवर कोरलेले कासव आहे, तटाच्या भिंतीत मारुती आहे. आतमध्ये झाडोरा माजलेला. चौथरे, विहिरी आणि तुटके जोते झुडपांतून शोधावे लागतात. पश्चिमेकडे गेलो. तेथे तटाचा पाया कातळातच कोरलेला दिसतो. आठशे गोळ्यांनी त्याला काही झाले नव्हते, हे आठवले. नातीने त्यावर हात फिरवून पाहिला.

परत निघताना ती दरवाजात थांबली. आपल्या वहीत तिने दोन चित्रे काढली होती: एका पानावर शूटर्स हिलचा तिकोनी मनोरा, समोरच्या पानावर हा दरवाजा. मनोऱ्याच्या चित्राखाली तिने शिलालेख इंग्रजीत जसाच्या तसा उतरवला होता. दरवाजाच्या चित्राखालची जागा कोरी होती. तिने पेन्सिल आमच्या हाती दिली आणि म्हणाली, "आजोबा, मी सांगते, तुम्ही लिहा. माझं मराठी शुद्धलेखन चुकतं."

तिने सांगितले आणि आम्ही लिहिले: 'एप्रिल १७५५. या किल्ल्यात मराठे होते. बाहेरही मराठे होते.'